कॅलिफोर्नियात नोटरी व्हायचंय? पंधरा हजारांच्या बॉन्डपासून शिक्क्यापर्यंत

आजींनी मुखत्यारपत्राचा कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून पदरानं पुसला. पुण्यातला जुना फ्लॅट विकायचा होता आणि त्यासाठी धाकट्या दिरांना अधिकार द्यायचे होते. माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणांहून त्यांना परत पाठवलं होतं. कागदात काहीच खोट नव्हती, पण आजींना इंग्रजी बोलता येत नव्हतं आणि समोरच्या नोटरीला मराठी. "मी दोघांना समजावून सांगतो ना," असं मुलगा म्हणाला तरी नोटरीनं मान हलवली. नोटरीचं बरोबरच होतं. कॅलिफोर्नियात नोटरीला सही करणाऱ्याशी स्वतः, थेट बोलता आलं पाहिजे. मध्ये दुभाषा चालत नाही, मग तो पोटचा मुलगा का असेना.

बे एरियात आणि लॉस एंजेलिसच्या आसपास मुलांकडे राहायला आलेले आपले कितीतरी आईवडील आहेत. गावाकडची जमीन, पुण्या-मुंबईतले फ्लॅट, बँकेतल्या ठेवी यांचे कागद त्यांच्या मागे इथवर येतात. त्यांच्याशी मराठीत बोलू शकणारे नोटरी मात्र फार थोडे. म्हणून हा लेख लिहितेय. वाचणाऱ्यांपैकी दोघांनी-चौघांनी जरी हे काम अंगावर घेतलं तरी पुष्कळ माणसांची पायपीट वाचेल.

खालची माहिती कॅलिफोर्नियाची आहे. अमेरिकेत नोटरीचे नियम राज्यागणिक बदलतात आणि बॉन्डची, म्हणजे नोटरीच्या चुकीनं कुणाचं नुकसान झालं तर भरपाईसाठी द्यायच्या हमीची, रक्कमही बदलते. टेक्सासात ती १०,००० डॉलर आहे, फ्लोरिडात ७,५००, इंडियानात २५,०००. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत बॉन्ड लागतच नाही. तुम्ही एडिसनला किंवा डॅलसला राहत असाल तर तिथले नियम वेगळे बघा. बॉन्ड म्हणजे काय, हा भाग मात्र बॉन्ड मागणाऱ्या सगळ्याच राज्यांत कामाचा आहे.

आधी डोक्यातला भारतातला नोटरी बाजूला ठेवा

भारतात नोटरी म्हणजे वकील, काळा कोट आणि कोर्टाबाहेरचं टेबल. १९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नियम यांनुसार तिथे साधारणपणे दहा वर्षं वकिली झालेली असावी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय यांच्यासाठी ही अट सात वर्षांची आहे.

इथे नोटरी वकील असण्याची गरज नाही. कायद्याचा सल्ला देण्याचा त्याला अधिकारही नाही. समोर आलेली व्यक्ती तीच आहे का याची खात्री करणं, तिनं आपणहून सही केलीय हे तिच्या तोंडून ऐकणं किंवा तिच्याकडून शपथ घेणं, आणि त्याची नोंद ठेवणं, एवढंच त्याचं काम. कागदातला मजकूर खरा आहे की खोटा, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच २०१५ पासून कॅलिफोर्नियातल्या नोटरीच्या प्रमाणपत्रावर वरच्या चौकटीत ही सूचना छापावी लागते: नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पडताळतो, दस्तऐवजाचा खरेपणा, अचूकपणा किंवा वैधता नाही. आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. "नोटरी झालाय म्हणजे कागद पक्का" हे समीकरण आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

कोण अर्ज करू शकतं

वय १८ पूर्ण हवं आणि तुम्ही कॅलिफोर्नियाचे कायदेशीर रहिवासी हवेत. अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. टेक्सासनं एकेकाळी ती अट घातली होती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं बर्नाल विरुद्ध फेंटर या खटल्यात ती रद्द ठरवली.

व्हिसावर असणाऱ्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. एच-१बी व्हिसा ठरावीक मालकाकडच्या नोकरीपुरता असतो. संध्याकाळी घरी बसून नोटरीची फी घेणं म्हणजे त्या नोकरीबाहेरची कमाई झाली आणि त्यातून स्टेटसचा प्रश्न उभा राहू शकतो. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल आणि कामाचा परवाना हातात असेल तर गोष्ट वेगळी. ग्रीन कार्डवाल्यांना अडचण नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच पुढे जा. पंधरा डॉलरच्या सहीसाठी ग्रीन कार्डची रांग धोक्यात घालू नका.

अर्जात जुने गुन्हे विचारतात. दारू पिऊन गाडी चालवल्याचं एखादं जुनं प्रकरण असेल आणि ते पुढे कोर्टानं निकाली काढलेलं असेल, तरी लिहा. गुन्हा झाला म्हणून अर्ज नाकारला जाईलच असं नाही, पण लपवलं तर तेवढ्यावरून नाकारला जाऊ शकतो.

सहा तासांचा वर्ग आणि परीक्षा

पहिल्यांदा नोटरी होणाऱ्यानं राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटनं (नोटरींची नेमणूक करणारा राज्याचा अधिकारी) मान्यता दिलेला सहा तासांचा अभ्यासवर्ग पुरा करायचा. ऑनलाइन वर्ग भरपूर आहेत. वर्ग संपला की मिळणारं प्रमाणपत्र जपून ठेवा. वर्ग कुठलाही घ्या, पण सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारी नोटरीची पुस्तिका छापून घ्या आणि दोनदा वाचा. परीक्षा त्यातूनच येते.

परीक्षा सीपीएस एचआर ही संस्था घेते. तिच्याकडे आधी नाव नोंदवावं लागतं. प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात आणि पास व्हायला ७० गुण लागतात. परीक्षेला जाताना भरलेला अर्ज, फोटो असलेलं चालू ओळखपत्र, दोन इंच बाय दोन इंचाचा रंगीत पासपोर्ट फोटो, वर्गाचं प्रमाणपत्र, नोंदणीचं पत्र आणि ४० डॉलरचा चेक सोबत न्या. नापास झालात तर परत बसायला २० डॉलर.

अभ्यासात दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली म्हणजे अ‍ॅक्नॉलेजमेंट आणि ज्युरॅट यांतला फरक. अ‍ॅक्नॉलेजमेंटमध्ये माणूस नोटरीसमोर येऊन "ही सही माझीच" असं कबूल करतो. सही आधी घरी केलेली असली तरी चालते. ज्युरॅटमध्ये त्यानं नोटरीसमोर शपथ घ्यायची आणि सहीही समोरच करायची. यातलं कुठलं लावायचं हे नोटरीनं ठरवायचं नसतं. ते कागदावर लिहिलेलं असतं, नाहीतर सही करणारा सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे दिवसांचे आणि दंडाचे आकडे. तीस दिवसांचा आकडा तर तुम्हाला जागोजागी भेटेल.

नावाचा घोळ इथेच मिटवा

ही पायरी कुठल्या पुस्तिकेत नाही, पण आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची आहे. आपल्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लागतं. पासपोर्टवर ते कधी पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं एकच अक्षर उरतं आणि क्रेडिट कार्डावर ते गायबच होतं. अर्जात जे नाव लिहाल तेच नेमणूकपत्रावर येईल. नेमणूकपत्रावर आहे तेच बॉन्डवर, शपथपत्रावर आणि शिक्क्यावर लागेल, आणि पुढची चार वर्षं तुमची सरकारी सहीही तशीच करावी लागेल. म्हणून अर्ज भरायच्या आधी ओळखपत्र समोर ठेवा आणि नाव ठरवा. शक्य तितकं छोटं आणि ओळखपत्राशी जुळणारं बरं.

बोटांचे ठसे

परीक्षा पास झाल्यावर लाइव्ह स्कॅन म्हणजे बोटांचे ठसे. नोटरीसाठीचा ठरावीक फॉर्म घेऊन कुठल्याही लाइव्ह स्कॅन केंद्रावर जायचं. ठसे राज्याच्या न्याय विभागाकडे आणि एफबीआयकडे जातात. सरकारी शुल्क आणि केंद्राचं स्वतःचं शुल्क असे दोन भाग असतात, आणि केंद्राचं शुल्क जागोजागी वेगळं, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. पूर्वी नोकरीसाठी किंवा शाळेत स्वयंसेवक म्हणून दिलेले ठसे इथे चालत नाहीत. यानंतर फक्त वाट बघायची.

पाकीट आलं की तारीख बघा

एक दिवस राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून, पाकीट येतं. त्यात नेमणूकपत्र असतं, शपथेचे दोन फॉर्म, शिक्का बनवून घेण्याचं अधिकारपत्र, शिक्का करणाऱ्या अधिकृत उत्पादकांची यादी आणि सूचनांचं पत्र.

नेमणूकपत्रावर नेमणूक सुरू होण्याची तारीख छापलेली असते. त्या तारखेपासून ३० कॅलेंडर दिवसांत तुमची शपथ आणि बॉन्ड काउंटी क्लार्ककडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी; क्लार्क म्हणजे तिथला कागद दाखल करून घेणारा अधिकारी) दाखल झालेले असले पाहिजेत. पाकीट तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नाही. शनिवार-रविवार वगळून नाही. समजा नेमणूक ३ मार्चची आहे आणि पाकीट ११ मार्चला आलं, तर तुमच्याकडे २ एप्रिलपर्यंतचा वेळ आहे. म्हणजे ३० नाही, २२ दिवस. त्यात बॉन्ड घ्यायचा, शपथ घ्यायची आणि काउंटीत दाखल करायचं.

या मुदतीला अपवाद नाही. टपाल उशिरा पोचलं, काउंटीच्या टपाल विभागात पाकीट पडून राहिलं, तुम्ही आजारी पडलात, आईला बघायला भारतात जावं लागलं, यातलं काहीच ऐकून घेतलं जात नाही. मुदत चुकली तर ती नेमणूक वैध राहत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. नेमणूक होऊन तिसाव्या दिवशी हातचं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचा चेहरा विसरता येत नाही. भारतवारी ठरलेली असेल तर पाकीट येण्याच्या सुमारास ती ठेवू नका.

बॉन्ड म्हणजे नेमकं काय

आता या लेखाचा गाभा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार प्रत्येक नोटरीला १५,००० डॉलरचा शुअरटी बॉन्ड द्यावा लागतो. नेमणूक चार वर्षांची, बॉन्डही तेवढ्याच काळाचा.

आकडा ऐकून लोक दचकतात. एवढे पैसे भरायचे का? नाही. बॉन्डची चार वर्षांची किंमत साधारण ४० ते ५० डॉलरच्या घरात असते. मात्र दुसरी गैरसमजूत जास्त महागात पडते. बॉन्ड घेतला म्हणजे आपला विमा झाला, असं बहुतेकांना वाटतं.

आपल्याकडच्या पतपेढीतलं कर्ज आठवा. कर्ज काढताना जामीनदार लागतात. तुम्ही हप्ते थकवले की पतपेढी जामीनदाराच्या दारात उभी राहते, आणि जामीनदारानं भरलेले पैसे तो तुमच्याकडून वसूल करतो. जामीनदार असतो तो पतपेढीच्या सोयीसाठी, तुमच्या बचावासाठी नाही. शुअरटी बॉन्ड अगदी तसाच. विमा कंपनी जनतेपुढे तुमची जामीन राहते. तुमच्या चुकीमुळे किंवा गैरवर्तनामुळे कुणाचं नुकसान झालं तर ती १५,००० डॉलरपर्यंत भरपाई देते आणि मग ते पैसे तुमच्याकडे मागते. बॉन्ड घेताना ज्या करारावर तुम्ही सही करता त्यात हे लिहिलेलं असतं. तो बारीक अक्षरातला कागद वाचा.

एक उदाहरण घ्या. एक माणूस दुसऱ्याच्या घराचं खरेदीखत घेऊन येतो. तुम्ही घाईत ओळखपत्र नीट बघत नाही आणि शिक्का मारता. सही बनावट निघते. खरा घरमालक तुमच्यावर आणि बॉन्ड देणाऱ्या कंपनीवर दावा लावतो. कंपनी जास्तीत जास्त १५,००० देईल. सनीव्हेलमधल्या घराची किंमत विचारात घ्या. वकिलाचा खर्च आणि वरचं सगळं नुकसान थेट तुमच्या अंगावर येतं, आणि त्याला कसलीही वरची मर्यादा नाही. कंपनीनं दिलेले १५,००० फेडायचे ते वेगळेच. ओळखीचा पुरेसा पुरावा न घेता अ‍ॅक्नॉलेजमेंट केल्याबद्दल १०,००० डॉलरपर्यंतचा दिवाणी दंड कायद्यात आहे, तोही यात धरा.

तुमच्या स्वतःच्या बचावासाठी वेगळी पॉलिसी असते. तिला 'एरर्स अँड ओमिशन्स' म्हणतात. नकळत झालेल्या चुकांसाठी ती वकिलाचा खर्च आणि भरपाई देते आणि हे पैसे तुमच्याकडून परत मागत नाही. कायद्यानं ती सक्तीची नाही. माझं मत विचाराल तर ती घ्याच, विशेषतः घरांचे कागद हाताळणार असाल तर. बॉन्ड विकणाराच बहुधा दोन्ही एकत्र विकतो, तेव्हा कुठल्या कागदाचे किती पैसे आहेत हे वेगवेगळं विचारा. बॉन्डच्या बरोबरीनं पॉलिसीचे पैसे घेतले, पण हातात फक्त बॉन्डच आला, असं व्हायला नको.

बॉन्ड घेताना

पाकीट हातात आल्याशिवाय बॉन्ड मागवू नका. बॉन्डवर नेमणुकीच्या तारखा, नेमणूक क्रमांक आणि नाव तंतोतंत नेमणूकपत्राप्रमाणे हवं. कंपनी कॅलिफोर्नियात शुअरटी म्हणून काम करायला मान्यता असलेली हवी. बॉन्ड आला की नेमणूकपत्र शेजारी ठेवा आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून ताडून बघा.

मी हे केलं नव्हतं. माझ्या पहिल्या बॉन्डवर मधल्या नावाचं अक्षर गळालं होतं. काउंटीच्या खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी दोन्ही कागद एकमेकांवर धरले, मग माझ्याकडे वळवले आणि पेन्सिलीनं त्या मोकळ्या जागेखाली एक बारीक रेघ ओढली. दुरुस्त बॉन्ड यायला चार दिवस लागले. माझ्याकडे वेळ शिल्लक होता म्हणून निभावलं.

शपथ आणि दाखल करणं

शपथ आणि बॉन्ड तुमच्या कामाचं मुख्य ठिकाण ज्या काउंटीत आहे तिथल्या क्लार्ककडे दाखल करायचे. घरून काम करणार असाल तर घराची काउंटी. सनीव्हेलवाल्यांनी सांता क्लारा काउंटीत, फ्रीमाँटवाल्यांनी अलमीडा काउंटीत. नेमणूक मात्र सगळ्या राज्यासाठी असते, त्यामुळे दाखल एका काउंटीत केलं तरी सही कॅलिफोर्नियात कुठेही करता येते.

दोन मार्ग आहेत. एक, स्वतः काउंटीत जाऊन तिथेच शपथ घ्यायची आणि कागद तिथेच द्यायचे. दोन, त्याच काउंटीतल्या दुसऱ्या नोटरीसमोर शपथ घ्यायची आणि कागद पोच मिळणाऱ्या टपालानं पाठवायचे. मी पहिलाच मार्ग सुचवते. चूक असली तर खिडकीवरच कळते आणि तारखेचा घोर राहत नाही. जाताना नेमणूकपत्र, दोन्ही शपथेचे फॉर्म, मूळ बॉन्ड, ओळखपत्र आणि शुल्काचे पैसे न्या. शुल्क काउंटीगणिक वेगळं असतं. तिथल्या संकेतस्थळावर दिलेलं आहे. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते का, तेही तिथेच बघा.

शपथेच्या फॉर्मवर सही नेमणूकपत्रावर आहे त्या नावानं करा. काउंटी तुमच्या सहीची शपथ सॅक्रामेंटोला पाठवते आणि बॉन्ड नोंदणीसाठी काउंटी रेकॉर्डरकडे देते.

शिक्का आणि नोंदवही

शिक्का फक्त अधिकृत उत्पादकाकडूनच करून घेता येतो, आणि त्यासाठी पाकिटातलं अधिकारपत्र द्यावं लागतं. शिक्क्यात राज्याची मुद्रा, नोटरी पब्लिक हे शब्द, तुमचं नाव, शपथ आणि बॉन्ड दाखल केलेली काउंटी, नेमणूक संपण्याची तारीख, नेमणूक क्रमांक आणि उत्पादकाचा क्रमांक असतो. आयताकृती असेल तर एक इंच बाय अडीच इंचांपेक्षा मोठा नको. शाई अशी हवी की फोटोकॉपीत उमटेल.

नोंदवहीला इथे जर्नल म्हणतात. एका वेळी एकच चालू नोंदवही, क्रमवार नोंदींची, आणि ती कायम कुलपात. प्रत्येक कामाची तारीख, वेळ, कामाचा प्रकार, कागद कसला, ओळख कशी पटवली, फी किती, आणि सही करणाऱ्याची सही. घर-जमिनीचे कागद आणि मुखत्यारपत्र यांसाठी अंगठ्याचा ठसाही लागतो. उजव्या अंगठ्याचा, तो घेता येत नसेल तर डावा किंवा दुसरं बोट, आणि तशी नोंद. ठसा घेतला नाही तर २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

त्या आजींसमोर मी शाईची डबी उघडली तेव्हा त्यांचा हात थबकला. "अगं, मी सातवी पास आहे. सही येते मला. अंगठा कशाला?" आपल्याकडे अंगठा म्हणजे निरक्षर माणसाची निशाणी, हे मला आधीच लक्षात यायला हवं होतं. मी नोंदवही त्यांच्याकडे फिरवली. इतर लोकांच्या ओळी पुठ्ठ्यानं झाकल्या, नुसता ठशांचा रकाना मोकळा ठेवला आणि सांगितलं, "आजी, यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. सगळ्यांनीच दिलाय." मग त्यांनी पदर सावरला आणि अंगठा पुढे केला. तेव्हापासून मराठी घरांत मी आधी हे सांगते आणि मगच डबी काढते.

कंपनीनं तुमच्या बॉन्डचे आणि शिक्क्याचे पैसे भरले असले तरी शिक्का आणि नोंदवही तुमचीच. नोकरी सोडताना ती मॅनेजरकडे ठेवायची नाहीत. दोन्हींपैकी काही हरवलं किंवा चोरीला गेलं तर लगेच सेक्रेटरी ऑफ स्टेटला कळवायचं.

पहिली सही करताना

अ‍ॅक्नॉलेजमेंट किंवा ज्युरॅटसाठी जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात, आणि ते दर सहीमागे. तिघांच्या सह्या असतील तर ४५. फुकट करायलाही हरकत नाही. मी ज्येष्ठांकडून घेत नाही. फुकट केलं तरी नोंद मात्र करायचीच.

ओळखपत्राबाबत आपल्या लोकांची फार गल्लत होते. आधार कार्ड, पॅन कार्ड, भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स यांतलं काहीही चालत नाही. कॅलिफोर्नियाचं लायसन्स किंवा ओळखपत्र सर्वांत सोपं. आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळालं असेल तर डीएमव्हीतून (लायसन्स देणारं राज्याचं वाहन खातं) ओळखपत्र काढून ठेवा, पुढच्या दहा अडचणी टळतील. ओळखपत्र नसेलच तर दोन साक्षीदारांच्या शपथेवर ओळख पटवता येते, पण ते साक्षीदार त्या व्यक्तीला ओळखणारे आणि त्या व्यवहारात पैशाचा संबंध नसलेले हवेत.

मराठीतला कागद आला तरी काम करता येतं, कारण तुम्ही सहीला साक्षी आहात, मजकुराला नाही. पण कागदात रिकाम्या जागा सोडलेल्या दिसल्या तर शिक्का मारू नका. व्हिडिओ कॉलवरही नाही. २०२३ साली कॅलिफोर्नियात ऑनलाइन नोटरीचा कायदा झाला, पण त्याच्या पूर्ण अंमलबजावणीला १ जानेवारी २०३० पर्यंतची मुदत दिली आहे. तोवर माणूस तुमच्यासमोर बसलेला हवा.

स्वतःच्या सहीचं काम स्वतः करायचं नाही. नातेवाइकांचं करायला बंदी नाही, पण कागदात तुमचा आर्थिक फायदा असेल तर बंदी आहे. आई तुमच्या नावानं मुखत्यारपत्र करत असेल तर ते दुसऱ्या नोटरीकडे न्या. नवरा-बायकोच्या कागदांपासून मी चार हात लांबच राहते, कारण कॅलिफोर्नियात लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक धरतात.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात किंवा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मराठीतून जाहिरात देणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत जाहिरात करणाऱ्या, वकील नसलेल्या नोटरीनं त्या जाहिरातीतच, इंग्रजीत आणि त्या भाषेत, "मी वकील नाही, त्यामुळे इमिग्रेशन किंवा इतर कुठल्याही कायदेशीर बाबीत सल्ला देऊ शकत नाही" अशी सूचना आणि कायद्यानं ठरवलेली फी छापायची असते. मराठीही त्यात आली.

भारतात जाणारे कागद

मराठी माणसं येतील ती बहुतेक याच कामासाठी. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ नुसार परदेशात राहणाऱ्यानं नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात केलेलं मुखत्यारपत्र चालतं. तरीही तिकडची कार्यालयं बहुधा नोटरीच्या शिक्क्यावर अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही आणि शिक्का खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र, मागतात. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. कॅलिफोर्नियात अपोस्टिल सेक्रेटरी ऑफ स्टेट देतात, एका कागदाला २० डॉलर. सॅक्रामेंटोला टपालानं पाठवता येतं. तुमची शपथेवरची सही तिथे पोचलेली असते, आणि शिक्क्याखालची सही तशीच हवी, हे इथे कामाला येतं.

अपोस्टिल हवं की दूतावासाचा शिक्का, हे तुम्ही ठरवू नका आणि सांगूही नका. तो सल्ला होतो. घरच्यांना म्हणावं, दुय्यम निबंधकाकडे, बँकेत किंवा सोसायटीत विचारून या. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे मात्र त्यांच्या वकिलाकडून वेळेत करून घ्यायला सांगा. टपालानं आलेला कागद कपाटात पडून राहतो आणि मुदत निघून जाते, असं फार वेळा होतं.

चार वर्षं संपत आली की

नेमणूक चालू असतानाच पुन्हा अर्ज केलात तर सहा तासांऐवजी तीन तासांचा वर्ग पुरतो. मध्ये एक दिवसाचा जरी खंड पडला तरी परत सहा तास. परीक्षा आणि ठसे दोन्ही पुन्हा द्यावे लागतात, म्हणून सहा महिने आधी सुरुवात करा. नवी नेमणूक आली की नवा बॉन्ड, नवी शपथ, नवा शिक्का आणि पुन्हा तेच तीस दिवस. घर बदललं तर ३० दिवसांत सर्टिफाइड टपालानं सेक्रेटरी ऑफ स्टेटला कळवायचं. नाव बदललं तर तेही कळवायचं. काम सोडणार असाल तर सगळ्या नोंदवह्या ३० दिवसांत काउंटी क्लार्ककडे जमा करायच्या आणि शिक्का मोडून टाकायचा. घरातल्या एखाद्याला हे सांगून ठेवा, कारण नोटरीच्या मृत्यूनंतर नोंदवह्या पोचवण्याची जबाबदारी मागच्यांवर येते. माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानाच्या आत काउंटीचा पत्ता मराठीत लिहून ठेवलेला आहे.